दुसऱ्या मंगळवारचे पाहुणे

आमच्या क्रिकेट सोसायटीला वक्ते मिळवून द्यायचं काम नॉर्मा गारसाइडच्या गळ्यात पडलं ते तिच्या नवऱ्याच्या आजारपणात. तिला स्वतःला क्रिकेटचं वेड कधीच नव्हतं. फलंदाज बाद झाला की परत जातो एवढं तिला कळायचं, आणि तेवढ्या भांडवलावर तिने एका क्रिकेटवेड्या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार केला होता.

क्लिफर्ड गारसाइड आमचा चिटणीस. आयुष्यभर लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होता. गिरणी बंद पडल्यावर सोसायटी हीच त्याची नोकरी झाली. इंग्लंडातल्या आमच्या हॅथर्सडेल गावात उन्हाळ्यात सामने असतात, तेव्हा सोसायटीची आठवण कुणाला होत नाही. पण ऑक्टोबर लागला, मैदान ओलं झालं, की आमच्यासारखे पन्नास-साठ म्हातारे घरात बायकांच्या पायात पायात यायला लागतात. म्हणून मार्चपर्यंत दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी चर्चमागच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. कुणी जुना खेळाडू, कुणी पंच, कुणी वर्तमानपत्रवाला येतो, तासभर बोलतो, चहा पितो आणि जातो. मी या गावात हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरीला आलो तेव्हापासून गारसाइडांच्या शेजारी राहतो. मला सोसायटीत ओढलं ते क्लिफर्डनेच.

त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डोकं मात्र शाबूत होतं. तो पलंगावरून खुणा करायचा, आणि नॉर्मा वक्त्यांना फोन लावायची. दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, नोव्हेंबरात, तो गेला. त्याला मूठमाती दिली त्याच आठवड्यात दुसरा मंगळवार आला. दुपारी स्टेशनवर एक निवृत्त पंच येऊन उभा राहणार होता आणि त्याला आणायला जाईल असं दुसरं कुणी नव्हतं. नॉर्मा अंगावरच्या काळ्या कोटानिशीच गाडी घेऊन गेली.

आमचे अध्यक्ष ॲलन स्टॅनक्लिफ. शाळेचे हेडमास्तर होते, अजूनही बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघतात. ते नॉर्माला म्हणाले की दुसरं कुणी मिळेपर्यंत तेवढं सांभाळ. दुसरं कुणी मिळालं नाही, कारण कुणी शोधलंच नाही. आमचे चहाचे कप भरलेले होते, खुर्चीवर वक्ता बसलेला होता. तो तिथे कसा आला हा प्रश्न आम्हाला पडत नव्हता.

कामही काही लहानसहान नव्हतं. उन्हाळा अर्धा सरला की ती फोनपाशी बसायची. निम्मे लोक नाही म्हणायचे, उरलेल्यांतले निम्मे हो म्हणून आयत्या वेळी पालटायचे. जो यायचा त्याला स्टेशनवरून आणायचं, घरी जेवू घालायचं, हॉलवर न्यायचं, माइक लावायचा, आणि पुन्हा गाडीत बसवून द्यायचं. नॉर्माने शाळेच्या भटारखान्यात तीस वर्षं पोरांना जेवण वाढलं होतं, त्यामुळे पाहुण्यांचं जेवण तिला जड नव्हतं. तिचा बेत ठरलेला असे. मटणाचं स्ट्यू, लाल कोबीचं लोणचं आणि ओव्हनमध्ये वर खरपूस साय धरलेली भाताची खीर. पण पाहुणे जड होते. एकजण रात्रीचा मुक्काम करून सकाळी आंघोळीचा नळ चालू ठेवून गेला. एकाने जेवताना स्वतःच्या तीन बायकांची गाऱ्हाणी सांगितली आणि हॉलमध्ये तीच विनोद म्हणून सांगितली. एका माजी कप्तानाने तिला स्वयंपाकीण समजून विचारलं, की मालकीणबाई कुठे आहेत.

“तुमचे हे सगळे थोर गोलंदाज,” ती मला कुंपणाशी एकदा म्हणाली, “एकालाही स्वतःचा टॉवेल दांडीवर टाकता येत नाही.”

दर एप्रिलमध्ये वार्षिक सभा व्हायची. नॉर्मा उठून सांगायची की हे माझं शेवटचं वर्ष. मग स्टॅनक्लिफ उभे राहून तिचे आभार मानायचे, आम्ही जोरात टाळ्या वाजवायचो, आणि टाळ्यांच्या गडबडीत तिचं नाव पुढच्या वर्षासाठी लागलेलं असायचं. दोन्ही खुब्यांची ऑपरेशनं झाली. मुलगी ब्रिस्टलला. ती फोनवर चिडायची, आई सोड ना गं ते, बाबांसाठी करत होतीस ना, बाबा आता नाहीत. नॉर्मा हो म्हणायची. पण सोडायचं म्हणजे कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं, आणि समोर कुणाचा हातच नव्हता.

मी सांगतोय तो फेब्रुवारी क्लिफर्ड गेल्यानंतर आठ-नऊ वर्षांनीचा. त्या महिन्याचा वक्ता वर्तमानपत्रात लिहिणारा होता, त्याला ताप आला. मंगळवार चार दिवसांवर. नॉर्माने सगळीकडे फोन केले. कुणी परदेशात, कुणी नातवंडांकडे, दोघेजण तर कायमचेच गेलेले; त्यांच्या बायकांचं सांत्वन तिलाच करावं लागलं. शेवटी तिला रॉनी पिकर्सगिल आठवला. साठच्या दशकात कौंटीसाठी डावखुरी फिरकी टाकायचा. इंग्लंडकडून खेळला नाही, पण क्लिफर्डच्या मते खेळायला हवा होता. क्लिफर्डच्या वेळी दोनदा येऊन गेला होता, आणि आमच्याकडे येऊन गेलेल्या वक्त्यांत पोट दुखेपर्यंत हसवणारा तोच.

फोन त्याच्या बायकोने, जॉयसने घेतला. रॉनी आता कुठे बोलायला जात नाही, असं तिने सांगितलं. नॉर्मा बरं म्हणून फोन ठेवणार, तोच जॉयस म्हणाली, थांबा. आजकाल त्याला कुणी बोलावतच नाही. येईल तो. मीही बरोबर येईन. मधेच कधी तो थांबतो, थांबला तर घाई करू नका.

नॉर्माला काय ते कळायला हवं होतं, आणि बहुधा कळलंही होतं. नंतर ती मला म्हणाली, “विचारलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. मग पुन्हा पहिल्यापासून फोन. माझ्यात तेवढा जीव नव्हता रे.”

पिकर्सगिल राहायचे माळरानापलीकडच्या गावात. जॉयसला गाडी येत नव्हती आणि रॉनीची काढून घेतलेली होती. म्हणून मंगळवारी सकाळी नॉर्माच वितळत्या बर्फातून माळाचा रस्ता धरून गेली आणि दोघांना घेऊन आली. रॉनी ठाकठीक होता. कौंटीचा टाय, चकचकीत बूट, पांढरे केस पाण्याने बसवलेले. त्याने नॉर्माचा कोट उतरवून घेतला, खुर्ची मागे ओढून दिली. इतक्या वर्षांत एकाही वक्त्याने हे केलं नव्हतं.

जेवताना त्याने विचारलं, “क्लिफर्ड कुठंय?”

नॉर्माने सांगितलं की क्लिफर्ड वारला, बरीच वर्षं झाली. रॉनीचे डोळे भरून आले. त्याने तिचा हात हातात घेतला आणि क्लिफर्ड किती भला माणूस होता ते सांगितलं. स्ट्यूची ताटं उचलून तिने खीर वाढली, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा त्याचे डोळे भरले, पुन्हा त्याने हात घेतला. बातमी त्याला नवीच होती. निघायच्या वेळी कोट चढवताना त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“तो पुढे गेलाय हॉलवर,” नॉर्मा म्हणाली. “खुर्च्या मांडायला.”

“त्याचं सगळं वेळेवर असतं बघ,” रॉनी खुशीत म्हणाला.

जॉयस नॉर्माकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “असं बोलायला शिकायला मला दोन वर्षं लागली.”

हॉलमध्ये त्या दिवशी चाळीसएक लोक होतो. पुढच्या रांगेत, नेहमीच्या जागी, जॉर्ज क्लेग. हा मनुष्य म्हणजे वक्त्यांचा कर्दनकाळ. मैदानावरचा जुना गुणलेखक. वक्ता म्हणाला की त्या सामन्यात मी सहा बळी घेतले, की हा बसल्या जागेवरून म्हणणार, पाच. एका नामवंत सलामीवीराला त्याने तासाभरात इतक्या वेळा टोकलं होतं की तो चहा न घेता स्टेशनवर चालत गेला. नॉर्मा दर वेळी त्याला विनवायची की जॉर्ज, आज तरी गप्प बस. तो म्हणायचा, खोटं ऐकायला मी घरी बसलो असतो.

रॉनी उभा राहिला आणि पहिली वीस मिनिटं पूर्वीचाच रॉनी होता. बसप्रवास, ओल्या खेळपट्ट्या, कंजूष कप्तान. मग त्याने कवळीची गोष्ट सांगितली. त्याला पंचविशीतच कवळी बसली होती. अपील करायला तोंड उघडलं की ती बाहेर यायची, म्हणून गोलंदाजीला येताना तो ती रुमालात गुंडाळून पंचांच्या कोटाच्या खिशात द्यायचा. पलीकडच्या टोकाकडून टाकणारा त्यांचा दांडगा वेगवान गोलंदाजही कवळीवालाच. त्याची दुसऱ्या पंचांकडे. जेवणाच्या सुट्टीला दोन्ही पंचांनी आपले पांढरे कोट एकाच खुंटीला टांगले. रॉनीने घाईत रुमाल काढला, कवळी बसवली आणि ताटावर बसला.

“आणि बायांनो-बापड्यांनो,” रॉनी म्हणाला, “त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला मटण चावता आलं. परत देतो कशाला!”

हॉल हसला. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग रॉनी एका दौऱ्याबद्दल बोलला, एका वाक्यात अडला, टायशी चाळा करत थांबला. मग त्याचा चेहरा उजळला.

“मला पंचविशीतच कवळी लागली होती,” तो म्हणाला. “ही गोष्ट सांगितली का मी तुम्हाला?”

स्टॅनक्लिफ बुटांकडे बघायला लागले, या वेळी स्वतःच्याच. मागच्या भिंतीशी नॉर्मा आणि जॉयस शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी चहाच्या टेबलापाशी होतो, मला दोघींचे चेहरे दिसत होते. जॉयसने डोळे मिटून घेतले होते. आणि पुढच्या रांगेत जॉर्ज क्लेगने मान वर केली. झालं, मला वाटलं.

“नाही रॉनी,” क्लेग म्हणाला. “सांग की.”

रॉनीने सांगितली. तीच, शब्दाला शब्द. रुमाल, खुंटी, मटण. जिथे हसायचं तिथे क्लेग आधी हसला, मोठ्याने, मांडीवर थाप मारून, आणि त्याच्यामागे सगळा हॉल हसला. पहिल्यापेक्षा जास्तच हसला असेल. रॉनी लाजून पाणी प्यायला. चार वाक्यं झाली नाहीत तोच त्याने पुन्हा विचारलं की कवळीची गोष्ट सांगितली का. क्लेग पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्या वेळी हसणं अवघड गेलं. एक म्हातारा उठून बाहेर गेला. पण क्लेग हसला.

आता याला थांबवायचं कुणी? हे स्टॅनक्लिफांचं काम होतं, पण ते उठेनात. शेवटी नॉर्मा काठी टेकत खुर्च्यांमधून पुढे गेली आणि मंचावर चढून रॉनीच्या शेजारी उभी राहिली. इतक्या वर्षांत माइकवर ती एकदाही बोलली नव्हती.

“रॉनी, चहा थंड होतोय,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याला तुमचा खेळ फार आवडायचा. मला खेळातलं काही कळत नाही. तुम्ही आलात, बरं वाटलं.”

टाळ्या बराच वेळ चालल्या. रॉनीने वाकून नमस्कार केला आणि टाळ्या संपायच्या आत नॉर्माचा हात धरून तिला सांभाळून खाली उतरवलं.

परत जाताना माळावर धुकं उतरलं होतं. रॉनी मागच्या सीटवर झोपला. दोघी बायका पुढे. तेव्हा काय बोलणं झालं ते नॉर्माने मला नंतर सांगितलं. जॉयस म्हणाली की तो रात्रीतून चार-पाचदा उठतो, कपडे करतो, किटबॅग शोधतो. सामन्याला उशीर झाला म्हणतो. दरवाजाला वरून कडी लावून घेतली आहे. मुलगा म्हणतो की त्याला वृद्धाश्रमात ठेव, आणि आठवडाभर मुलाचा फोन नसतो.

“थकलीस का गं?” नॉर्माने विचारलं. अहो-जाहो माळावर कुठेतरी गळून पडलं होतं.

“थकले,” जॉयस म्हणाली. “तू?”

“मीही.”

“आज पाच मिनिटं मी त्याच्याकडे बघत नव्हते,” जॉयस म्हणाली. “चाळीस माणसं बघत होती. तेवढीच विश्रांती.”

पुढच्या आठवड्यात स्टॅनक्लिफ नॉर्माकडे आले. दोघा-तिघा सभासदांनी तक्रार केली होती. आजारी माणसाला असं सगळ्यांसमोर उभं करणं बरं नाही, सोसायटीचं नाव खराब होतं. स्टॅनक्लिफ भांडायला आले नव्हते. खूप गोड बोलले, खीरही खाल्ली. एवढंच म्हणाले की इथून पुढे वक्ता ठरवण्याआधी समितीला विचारत जा.

नॉर्माने त्यांची वाटी उचलली, विसळली, पालथी घातली. मग म्हणाली, “ॲलन, मार्चचा वक्ता ठरलेला आहे, त्याला मी आणते. त्यानंतर तुम्ही ठरवा, आणि आणायलाही तुम्हीच जा.”

स्टॅनक्लिफांना वाटलं, रागाच्या भरात बोलते आहे. पण ती रागावलेली नव्हती. एप्रिलच्या सभेला ती आलीच नाही, त्यामुळे टाळ्या वाजवायला कुणी समोर नव्हतं.

काम सुटलं की बरं वाटेल, अशी तिची अटकळ होती. झालं उलटं. इतकी वर्षं उभ्या उभ्या आवरून धरलेला थकवा एकदम खाली बसला. ती दुपारी खुर्चीत डोळे मिटायची ती अंधार पडल्यावर उघडायची. बागेतल्या कुंड्या तशाच राहिल्या. मुलगी ब्रिस्टलहून आली, तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली; रक्त तपासलं, छाती तपासली, काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं की अलीकडे फार दगदग झाली का. नॉर्मा म्हणाली, अलीकडे नाही.

इकडे सोसायटीत समितीने वक्ते शोधायला घेतले. पुढच्या हिवाळ्यात सहांऐवजी तीनच मंगळवार भरले. एका मंगळवारी स्टॅनक्लिफांनी स्वतःच शालेय क्रिकेटवर भाषण दिलं आणि क्लेगने त्यांना अकरा वेळा टोकलं. त्यापुढच्या वर्षी आम्ही शेजारच्या गावच्या सोसायटीत मिसळून गेलो. आता तिकडे बसने जावं लागतं. निम्मे लोक जात नाहीत. माझंही हल्ली होत नाही.

जॉयस आणि नॉर्मा फोनवर बोलायच्या, दर रविवारी. नॉर्माने काम सोडलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रॉनीला आश्रमात ठेवलं. तो दारातून आत गेला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं नाही, ड्रेसिंग रूममध्ये जावं तसा गेला, असं जॉयसने सांगितलं. घरी एकटं राहवेना म्हणून ती आठवड्यासाठी नॉर्माकडे आली.

मला वाटलं, दोघी गप्पा मारत बसतील, कुठे फिरायला जातील. एका दुपारी मी डाळ-भात आणि बटाट्याची भाजी डब्यात भरून त्यांच्याकडे गेलो. नॉर्माला माझ्या हातचं वरण आवडतं, तिखट नसेल तर. पुढच्या खोलीचे पडदे निम्मे ओढलेले होते. आत दोन खुर्च्यांत दोघी झोपलेल्या. नॉर्माचे पाय स्टुलावर, जॉयसची मान एका बाजूला कललेली, चष्मा मांडीवर. टीव्ही आवाज बंद करून चालू ठेवलेला. दोघींची तोंडं किंचित उघडी होती.

मी दार वाजवलं नाही. डबा पायरीवर ठेवला, मांजर तोंड लावील म्हणून वर एक वीट ठेवली, आणि घरी आलो.